हातात की विमानाच्या पोटात? खेळाचं सामान नेताना



आज खेळाच्या सामानाबद्दल बोलायचंय. बॅट, हॉकी स्टिक, सायकल, धनुष्य, रायफल, ट्रेकिंगच्या काठ्या, हे सगळं विमानातून न्यायचं कसं? जवळच्या बॅगेत काय, चेक-इनमध्ये काय आणि अजिबात न्यायचं नाही असं काय? सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करतो.

निवृत्तीनंतर मी महूला स्थायिक झालो. माझ्या युनिटमधले एक हवालदारही इथेच राहतात, मूळचे साताऱ्याचे. त्यांची मुलगी हॉकी खेळते. पंधरा वर्षांची असताना तिला भुवनेश्वरला निवड चाचणीसाठी बोलावणं आलं. तिचा पहिलाच विमानप्रवास. आदल्या रात्री वडिलांचा फोन: "साहेब, स्टिक काही बॅगेत मावत नाही. काय करू?" मी म्हटलं, "हातात धरून जाऊ दे. खेळाडू आहे ती, कोण अडवणार?"

दुसऱ्या दिवशी इंदूरच्या विमानतळावरून तिचाच फोन आला. "आजोबा, हे म्हणतायत स्टिक आत नेता येणार नाही." तोवर तिची बॅग पट्ट्यावरून गेली होती, काउंटर बंद झाला होता, आणि सोडायला आलेले वडील महूच्या वाटेला लागले होते. स्टिक तिथेच सोडून तिला विमानात बसावं लागलं. चाचणीत ती दुसऱ्या मुलीच्या स्टिकने खेळली, इंचभर लांब आणि तिच्या हाताला जड. निवड झाली नाही. स्टिकमुळेच झाली नाही असं मी म्हणणार नाही. पण दीड वर्ष ज्या स्टिकवर तिचा हात बसला होता ती तिच्या हातात नव्हती, आणि ती नसण्याचं कारण मी होतो. चाळीस वर्षं सामान बांधण्यात गेलेल्या माणसाने नियम न बघता सल्ला दिला होता. त्यानंतर मी हा विषय नीट अभ्यासला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

नियम कोणाचे?

आपला पहिला गोंधळ इथे होतो. आपण सगळं एकाच खिडकीवर विचारतो, पण नियम तीन ठिकाणांहून येतात.

पहिलं ठिकाण म्हणजे सुरक्षा. प्रवाशाच्या हातात काय असू शकतं हे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो ठरवतो. देशातल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, म्हणजे आपलं सीआयएसएफ करतं. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा या दलाकडे द्यायला सुरुवात झाली. पहिला विमानतळ जयपूरचा, फेब्रुवारी २००० मध्ये. तपासणीच्या टेबलावरचा जवान तुमच्या मुलीवर संशय घेत नसतो. तिची स्टिक विमानात दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तर काय होईल, एवढंच तो बघतो. म्हणून तिथे ओळखपत्र, पदक, प्रशिक्षकाचं पत्र यातलं काही चालत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे आग आणि स्फोटाचा धोका. बॅटरी, गॅस, इंधन, दारूगोळा यांचे नियम जगभर जवळपास सारखे आहेत आणि आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्यांवर लक्ष ठेवतं. हे नियम चेक-इनच्या सामानालाही लागू असतात.

तिसरं ठिकाण म्हणजे विमान कंपनी. वजन, माप आणि पैसे हा तिचा विषय. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारणपणे ७ किलोची एक जवळची बॅग आणि १५ किलो चेक-इन मिळतं. तिकिटाच्या प्रकाराप्रमाणे हे बदलतं, म्हणून आपलं तिकीट वाचा.

कंपनीने हो म्हटलं म्हणजे सुरक्षेनेही हो म्हटलं असं होत नाही. उलटही तसंच.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

नियमांच्या याद्या लांबलचक असतात आणि अधूनमधून बदलतात. मी त्या चार प्रश्नांत बसवल्या आहेत. प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि विचारा.

पहिला प्रश्न: याने मारता, टोचता किंवा कापता येतं का? येत असेल तर ती वस्तू चेक-इनमध्ये. क्रिकेट बॅट, स्टंप, हॉकी स्टिक, बेसबॉल बॅट, गोल्फच्या काठ्या, बिलियर्ड्सची क्यू, धनुष्यबाण, डार्ट, तलवारबाजीची पाती, आइस स्केट, ट्रेकिंगच्या काठ्या, आइस अॅक्स हे सगळं यात आलं. नानचाकूसारखं सामानही. लाठीकाठीच्या पथकांनी लाठ्या एकत्र बांधून चेक-इनमध्येच द्याव्यात. दांडपट्टा आणि खऱ्या धारेची तलवार हा विषय वेगळा आहे. तिथे शस्त्र कायदा आड येतो, म्हणून तिकीट काढण्याआधी आयोजक, पोलीस आणि कंपनी या तिघांशी बोलून घ्या.

दुसरा प्रश्न: हे पेट घेऊ शकतं का? इथे गंमत अशी की लिथियम बॅटरीचा नियम पहिल्या प्रश्नाच्या बरोबर उलटा आहे. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालतच नाहीत, त्या जवळच ठेवायच्या. केबिनमध्ये बॅटरी तापली तर कोणाच्या तरी लक्षात येतं आणि कर्मचारी ती विझवू शकतात; खाली सामानाच्या कप्प्यात कोणी नसतं. मर्यादा १०० वॉट-तासांची. ३.७ व्होल्टची २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे ती चालते. १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. क्रीडा कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या, हेडलॅम्पचे लिथियम सेल, सगळं याच हिशेबात. किट बॅगच्या बाजूच्या खिशात पॉवर बँक राहून गेली तर एक्स-रेमध्ये बॅग बाजूला काढतात आणि तुमच्या नावाची घोषणा होते. तुम्ही वेळेत पोचला नाहीत तर बॅग मागे राहते.

तिसरा प्रश्न: यात दाबाखाली काही भरलंय का? गॅसच्या शेगडीचं सिलिंडर हातातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. वापरलेल्या शेगडीला इंधनाचा वास येत असेल तर तीही अडवतात. दुखऱ्या स्नायूंवर मारायचा स्प्रे टोपण घट्ट लावून चेक-इनमध्ये ठेवा. एक डबा अर्ध्या लिटरपेक्षा मोठा नको.

फुटबॉलचं बरेच जण विचारतात. सामानाचा कप्पाही केबिनसारखाच दाब राखलेला असतो. उड्डाणात तो दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो तितका कमी होतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश. बाहेरचा दाब पाव वातावरणाने घटल्यामुळे चेंडू थोडा टणक होतो. सामन्याच्या चेंडूत ०.६ ते १.१ वातावरण इतका दाब ठेवायची मुभा असतेच, त्यामुळे बरा चेंडू एवढ्याने फुटत नाही. तरीही हवा काढून न्या. जागा वाचते आणि कोणी प्रश्न विचारत नाही. पंप आणि सुई चेक-इनमध्ये टाका.

चौथा प्रश्न: हे मावतं का? जवळच्या बॅगेचं माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर असतं. आता हिशेब करा. हॉकी स्टिक सुमारे ९३ सेंटिमीटर. क्रिकेट बॅट नियमानुसार ९६.५ सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे मी जी स्टिक "हातात धर" म्हणालो, ती सुरक्षेचा नियम नसता तरी मापातच नापास झाली असती. टेनिसची रॅकेट ६८ सेंटिमीटरच्या आसपास, बॅडमिंटनची नियमाने जास्तीत जास्त ६८. अनेक खेळाडू रॅकेट केबिनमध्ये नेतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. पण शेवटचा शब्द टेबलावरच्या अधिकाऱ्याचा असतो, म्हणून स्पर्धेला जाताना त्या भरवशावर राहू नका. कॅरमचा बोर्ड खेळायच्या जागेचाच ७४ सेंटिमीटर, वर चौकट. तो जाड पुठ्ठ्यात बांधून चेक-इनमध्ये. बोर्डाची पावडर आणि जिम्नॅस्टचा पांढरा चुरा मूळ डब्यात ठेवा. पिशवीतली सुटी पांढरी पूड बघून कोणीही प्रश्न विचारणारच.

काही खेळ जरा तपशिलात

क्रिकेटमध्ये अडचण असते वजनाची. चाकांची बॅग, दोन बॅटी, पॅड, हेल्मेट, बूट मिळून १५ किलो कधी ओलांडले ते कळत नाही. घरी काट्यावर वजन करा आणि जास्तीचं वजन आधीच ऑनलाइन विकत घ्या. विमानतळावर तेच महाग पडतं. हेल्मेट आणि ग्लोव्हज जवळच्या बॅगेत नेता येतात. एका नगाचं वजन कितीही पैसे भरले तरी साधारणपणे ३२ किलोच्या वर घेत नाहीत. ती बॅग उचलणाऱ्या माणसाची पाठ असते, तिच्यासाठी ही मर्यादा.

सायकल खोक्यात किंवा खास बॅगेतच न्यावी. पेडल काढा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर ते सुटायच्या ऐवजी घट्ट होत जाईल. हँडल वळवून फ्रेमला बांधा, सीट खाली करा, पुढचं चाक काढून फोर्कच्या दोन टोकांत आडवा तुकडा बसवा, म्हणजे दाबाने ती वाकणार नाहीत. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मधे पुठ्ठ्याची पट्टी घाला. मागचा डिरेलर उघडा करून फ्रेमच्या आत बांधा. सगळ्यात आधी तोच मोडतो. टायरची हवा कमी करा. हवा भरायच्या छोट्या कार्बन डायऑक्साइड कुप्यांना कंपनीची परवानगी लागते, त्यापेक्षा हातपंप बरा. बॅटरीवरच्या सायकलची बॅटरी सहसा ३०० वॉट-तासांच्या वर असते, म्हणजे ती प्रवासी विमानात नाहीच.

ट्रेकिंगला जाणाऱ्यांसाठी लेहचं उदाहरण देतो. तिथला विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, त्यामुळे पंखांना आणि इंजिनाला कमी बळ मिळतं आणि विमानाला वजन कमी ठेवून उडावं लागतं. अशा ठिकाणी जड, अवजड नग पुढच्या विमानाने येण्याची शक्यता धरून चला आणि एक दिवस हाताशी ठेवा. तो दिवस हवेची सवय व्हायलाही लागतोच. ऑक्सिजनचे छोटे डबे बरोबर नेऊ नका, तिथे मिळतात. हवाई प्रवासात क्रॅम्पॉन आणि आइस अॅक्सच्या टोकांना रबराचं आवरण घाला. ते बॅगेसाठी आणि बॅग उचलणाऱ्या हातांसाठी.

धनुर्विद्येत आज सातारा जिल्ह्याचं नाव जगभर आहे. अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली ती तिथलीच. रिकर्व्ह धनुष्य सुटं होतं, कठीण पेटीत बसतं. कंपाउंड सुटं करत नाहीत, त्याला मोठी पेटी लागते. बाण नळीत घालून तीच पेटीत ठेवा. मूठ आणि साइट यांची ठेवण बांधण्याआधी मोजून लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. प्रवासात एखादा स्क्रू सैल झाला तर पूर्वीची मापं हाताशी असतात.

भाला आणि पोल व्हॉल्टचा बांबू यांचं वेगळंच. पुरुषांचा भाला २.६ मीटरच्या वर, पोल तर चार-पाच मीटरचा. तिकीट काढण्याआधी कंपनीला लांबी सांगून लेखी होकार घ्या. छोट्या शहरांना जाणाऱ्या एटीआरसारख्या विमानांचा सामानाचा कप्पा लहान असतो. मुंबई-दिल्ली गेलेला नग पुढच्या टप्प्यावर अडकू शकतो. भाला बऱ्याच मोठ्या स्पर्धांत आयोजक देतात. आधी विचारलं तर न्यावाच लागणार नाही.

नेमबाजी आणि एक इशारा

आता माझ्या पेशाचा विषय. कोल्हापूरच्या मुलामुलींनी नेमबाजीत देशाचं नाव केलंय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. ही मुलं वर्षभर हत्यार घेऊन विमानाने फिरतात, आणि ते जमतं ते कागद चोख ठेवल्यामुळे.

हत्यार फक्त चेक-इनमध्ये, रिकामं, कुलूपबंद कठीण पेटीत. काउंटरवर स्वतःहून सांगायचं. लपवायचं नाही आणि एक्स-रेमध्ये दिसेल म्हणून वाट बघायची नाही. दारूगोळा वेगळा बांधायचा, एका माणसाला जास्तीत जास्त ५ किलो, तोही कंपनीच्या मंजुरीने. परवाना, स्पर्धेचं पत्र, ओळखपत्र यांच्या मूळ प्रती हातात. शुल्क असतं, तपासणीला वेळ लागतो, म्हणून तीन तास आधी पोचा. काही एअर रायफलींना परवाना लागत नाही, पण विमानाच्या दृष्टीने तेही हत्यारच. छर्रेही केबिनमध्ये नकोत. सामन्याच्या एअर रायफलच्या नळकांड्यात २०० बारपर्यंत दाब असतो. ते पूर्ण रिकामं करून न्या. खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा हातातल्या बॅगेत नको.

आणि इशारा सगळ्यांसाठी, विशेषतः फौजी घरांसाठी. जुनी रकसॅक, जुनं जॅकेट, शिकारी आजोबांची कातडी पिशवी प्रवासाला काढलीत, तर प्रत्येक खिसा उलटा करून झटका. माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार नातवाच्या ट्रेकसाठी आपली जुनी सॅक घेऊन निघाले आणि तळाच्या अस्तरात एक जिवंत काडतूस निघालं. विमान गेलं, पोलीस ठाणं झालं, पुढे महिनोन्महिने वकिलाच्या चकरा. विनापरवाना काडतूस हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा गुन्हा आहे. आपल्याजवळ ते आहे याची जाणीवच नव्हती, असं दिसल्यावर न्यायालयांनी अशी प्रकरणं रद्दही केली आहेत, पण तिथवर पोचेपर्यंत माणूस थकतो. रिकामी पुंगळीसुद्धा आठवण म्हणून जवळ बाळगू नका.

प्रवासाचा दिवस

बहुतेक देशांतर्गत विमानांचा काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो. खेळाचं सामान असेल तर दोन-अडीच तास आधी पोचा, कारण लांब नग नेहमीच्या पट्ट्यावर जात नाही. मोठ्या सामानाच्या वेगळ्या जागी न्यावा लागतो. सोडायला आलेल्या माणसाला, तुम्ही सुरक्षा तपासणी पार करेपर्यंत बाहेर थांबायला सांगा. काही अडलं तर ते सामान परत द्यायला कोणीतरी हवं. हवालदार आणखी अर्धा तास थांबले असते तर निदान स्टिक तरी घरी परत आली असती.

बांधायची पद्धत फौजेतली सांगतो. मोठं किट उशिरा येईल असं धरून चालायचं आणि पहिला दिवस निभावेल इतकं अंगाबरोबर ठेवायचं. खेळाचे बूट, एक जर्सी, मोजे, माउथगार्ड, औषधं, कागद, हे ७ किलोत बसतं. बुटाला धातूचे खिळे असतील तर ते काढून चेक-इनमध्ये टाका. दुसऱ्याची स्टिक एक वेळ चालते, दुसऱ्याचे बूट चालत नाहीत. संघ असेल तर सगळे गोलरक्षकाचे पॅड एकाच बॅगेत भरू नका.

बॅग देताना उघडी आणि बंद अशी दोन्ही छायाचित्रं काढा, टॅगचंही. सामान आलं नाही किंवा मोडून आलं तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या सामान-काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या मॉन्ट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिराची सामान मिळाल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. देशातही तेवढाच वेळ आहे असं समजून वागा. भरपाईला वरची मर्यादा असते आणि भारी धनुष्य किंवा सायकल तिच्यात बसत नाही. त्यासाठी वेगळा विमा काढा.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथे कुठे तुम्ही हे वाचत असाल, तुमच्या ओळखीतलं एखादं मूल पहिल्यांदा खेळायला बाहेर निघालं असेल. त्याच्या घरी आदल्या रात्री जा. बॅग उघडायला लावा आणि चार प्रश्न विचारा. तासाभराचं काम आहे.

ती मुलगी गेल्या हिवाळ्यात पुन्हा चाचणीला गेली. मीटरभर लांबीची बॅग आम्ही दोघांनी मिळून विकत आणली, स्टिकांना टॉवेल गुंडाळले. बॅग पट्ट्यावर गेल्यावर तिने मला टॅगचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आजोबा, या वेळी दोन नेल्यात." निवडीचं काय झालं ते तिचं तीच सांगेल, खेळली मात्र स्वतःच्या स्टिकने.

पुढच्या भागात रेल्वेने अवजड सामान पाठवण्याबद्दल बोलू. जय हिंद.